शिकणाऱ्या सुनेचें बाळंतपण

(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत एका सुतार घरांतील सासू-सुनेनीं मिळून केलेलें भाषण)



आम्ही दोघी आपल्यापुढें उभ्या आहोंत. एक सासू आणि एक सून. बोलणार एकच, पण भाषण दोघींनीं मिळून जुळविलें आहे. तेव्हां 'आम्ही' म्हणतों तें मोठेपणासाठीं नव्हे, खरोखरच दोघी आहोंत म्हणून. जेथें एकटीची गोष्ट येईल तेथें थोरली किंवा धाकटी असें म्हणूं. सुताराच्या घरच्या बायकांना सभेंत बोलण्याची संवय नाहीं. कोठें वाकडें गेलें तर तुम्हीच रंधा मारून घ्यावा.

नर्सिंगच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलीला मूल झालें तर तिनें काय करावें आणि तिच्या घरानें काय करावें, ह्यावर बोला, असें मंडळींनीं आम्हांस सांगितलें. सांगण्याचें कारण तुम्हांस ठाऊक आहे. आसपासच्या गांवांतल्या तीन मुलींनीं हें शिक्षण अर्ध्यावर सोडलें. तिन्ही शेतकऱ्यांच्या लेकी. एकीचें तर शेवटचें वर्ष चालू होतें. कां सोडलें म्हणून विचारावें तर तिन्ही घरीं एकच उत्तर मिळतें, "बाळ झालें ना!" जणूं बाळ होणें म्हणजे विहिरींत पडणें! शेजारच्या घरीं मुलाला मूल झालें म्हणून त्याची आय.टी.आय. सुटल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं.

हें काम आपल्या घरांस नवें नाहीं. गांवोगांवची सुईण कोण होती? मातंग, महार, न्हावी, कोळी अशाच घरांतली ती असे. पाटलाचें पोर तिच्या हातीं आलें आणि कुलकर्ण्याचेंही तिच्याच हातीं आलें. काम उरकलें कीं तिला दाराबाहेर शिळी भाकर आणि जुनें लुगडें मिळे. हात गुणाचा, पण स्पर्श विटाळाचा! पुण्यास १८६३ सालीं जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, तेव्हां जगानें टाकलेल्या विधवांचीं बाळंतपणें सावित्रीबाईंनीं आपल्या हातांनीं केलीं. अशाच एका मातेचा मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला. तो पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यांत रोगी पोंचवितां पोंचवितां सावित्रीबाई गेल्या. मुंबईंत १८९१ सालीं काशीबाई गणपत ह्या नांवाची बाई नर्सिंगचें शिक्षण घेण्यास पुढें आली, असें ह्या धंद्याच्या इतिहासांत नमूद आहे. आतां त्याच कामाला सरकारी शिक्का मिळतो, पगार मिळतो, आणि 'सिस्टर' म्हणून मान मिळतो. जें आपल्या बायका विटाळ सोसून करीत होत्या तें मानानें करण्याची पाळी आली, आणि आतां आपणच मुलीला मागें ओढावें काय?

धाकटी २०२१ सालीं जी.एन.एम.ला लागली. हा तीन वर्षांचा अभ्यास आहे. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा आणि बी.एस्सी.चा चार वर्षांचा असतो. ज्या घरांत ह्या वाटेनें कोणी गेलें नाहीं त्यांस वाटतें कीं शाळा म्हणजे बाकावर बसून लिहिणें. येथें अर्ध्याहून अधिक शाळा वॉर्डांत भरते. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. रात्रपाळी म्हणजे सांजेपासून उजाडेपर्यंत बारा तास. ताप-नाडी पाहणें, जखमा बांधणें, सुई देणें, सलाईन लावणें, मरणाऱ्याचें तोंड पुसणें, आणि तिसऱ्या वर्षीं प्रसूतिकक्षांत बाळंतपणें करून तीं वहींत चढविणें. प्रत्येक वॉर्डचे तास ठरलेले आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा कीं परीक्षेस बसण्यापुरती वर्गांत ८० टक्के व वॉर्डांत ८० टक्के हजेरी चालते, पण पदविका हातीं पडण्यापूर्वीं वॉर्डचे तास शंभर टक्के भरावे लागतात. चुकलेला तास माफ होत नाहीं. तो मागाहून भरून द्यावा लागतो. हा आंकडा ध्यानांत ठेवा. आमची सारी गोष्ट ह्याच खुंट्याभोंवतीं फिरते.

लग्न प्रवेशाच्या आधींच झालेलें होतें. विवाहित मुलींना प्रवेश घेतां येतो, तसें नियमांतच आहे. पहिल्या वर्षांतच धाकटीला दिवस गेले. कोणी विचारील, तीन वर्षें थांबतां आलें नसतें काय? आलें असतें. साधनें आहेत, सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, आणि धाकटीच्या मनांतही थांबावयाचें होतें. "पाळणा केव्हां हालणार" म्हणून उठल्याबसल्या विचारणारी थोरलीच होती. तें तिनें आज चारचौघांत कबूल करावें असें आमचें घरीं ठरलें, म्हणून सांगतों.

पुढची चूक धाकटीची. तिनें ही गोष्ट शाळेंत चार महिने सांगितलीच नाहीं. कळलें तर काढून टाकतील ही भीति. त्या चार महिन्यांत तिची पाळी क्षयाच्या वॉर्डांत लागली. एकदां रोग्याला धरून क्ष-किरणाच्या खोलींत जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां मैत्रिणीनें तिला दंडाला धरून बाहेर काढलें आणि स्वतः आंत गेली. पोटांत मूल असतां त्या खोलींत उभें राहूं नये हें धाकटीनें वाचलें होतें, परीक्षेंत लिहून गुणही घेतले होते. वेळ स्वतःवर आली तेव्हां तोंड शिवलें गेलें. मुलींनो, दुसरा महिना लागतांच ट्यूटर सिस्टरला सांगा. पाळी बदलून मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे.

शेवटीं पोट दिसूं लागलें आणि बोलावणें आलें. शाळेचें नांव घेत नाहीं. कार्यालयांतले गृहस्थ म्हणाले, "बाई, नांव काढून घ्या. मूल मोठें झालें कीं पुन्हां पहिल्यापासून या." हें सारें तोंडी. धाकटी रडत घरीं आली. दुसऱ्या दिवशीं आमचे घरधनी, म्हणजे धाकटीचे मामंजी, स्वतः गेले. म्हणाले, "साहेब, आम्ही सुतार. तोंडी मापावर आम्ही लांकूड कापीत नाहीं. नांव काढावें असा नियम असेल तर तो कागदावर द्या." तो कागद आजतागायत मिळालेला नाहीं, कारण तसा नियमच नव्हता! मग ट्यूटर सिस्टर, भल्या बाई, त्यांनीं वाट दाखविली. अर्ज करा, रजेच्या तारखा घाला, डॉक्टरचा दाखला जोडा, राहिलेले वॉर्डचे तास मागाहून भरून देईन असें स्पष्ट लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्या. पोंच घेतल्यावर कार्यालयाचा आवाज बराच खालीं आला.

२०२२ च्या मार्गशीर्षांत मुलगी झाली. जोशीबुवांनीं पंचांग उघडून सांगितलें कीं मूळ नक्षत्र आहे, आज्यावर भारी आहे, शांत करावी लागेल, खर्च पांच हजार. आजा म्हणाला, "ह्या घटकेला तालुक्यांत आणखी पोरें जन्मलीं असतील, त्यांचे आजे सगळे उद्यां मरणार काय?" ते पांच हजार पुढें इस्पितळाजवळच्या खोलीच्या अनामतींत गेले, आणि आजा अजून वाकस चालवितो आहे.

पण भटाला हंसणें सोपें, घरांतल्या समजुतींना हात घालणें कठीण. इस्पितळांत सिस्टरनें पहिल्या तासांतच बाळाला पाजावयास लावलें, चीक पोटांत गेला. घरीं आल्यावर थोरलीनें सहाण काढली. गुटी उगाळावी, मधाचें बोट चाटवावें, उन्हाळा लागला कीं चमचा चमचा पाणी द्यावें, हें तिच्या आईनें केलें, सासूनें केलें. धाकटी म्हणे, सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं नको, पाण्याचा थेंबही नको, दुधांत पाणी असतेंच. डॉक्टरनें औषध दिलें तर तेवढें द्यावें. "तुझ्या पुस्तकानें पोरें वाढवलीं काय?" असें थोरली म्हणाली. दोन दिवस आम्ही एकमेकींशीं बोललों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं धाकटीनें पुस्तक उघडून नुसतें वाचून दाखविलें. लहान बाळाचा ऊर कसा भरतो, श्वास कसा जलद होतो, बरगड्यांखालचा भाग कसा आंत ओढला जातो, तें अंगावर प्यावयाचें कसें सोडतें. थोरली मध्येंच उठून परसांत गेली. तिचें दुसरें बाळ चाळीस दिवसांचें होऊन गेलें होतें, आणि जाण्याआधीं दोन दिवस तें अगदीं असेंच करीत होतें. तें गुटीनें गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. कशानें गेलें तें कोणी पाहिलेंच नाहीं. सटवाईनें एवढेंच लिहिलें होतें असें म्हणून मातींत ठेवलें, आणि तिसाहून अधिक वर्षें त्या बाळाचें नांव घरांत निघालें नाहीं. नांव ठेवलें होतें, पण घेतलें कोणीं नाहीं. परसांतून परत आल्यावर थोरलीनें सहाण धुवून फळीवर ठेवली आणि म्हणाली, "तें श्वास मोजण्याचें पुन्हां एकदां सांग."

मोजण्याची रीत अशी. बाळ शांत असतां त्याचें पोट उघडें करावें, घड्याळ पुढें ठेवावें, आणि पुरा एक मिनिट पोट किती वेळां वर येतें तें मोजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे एका मिनिटांत ६० किंवा अधिक भरले, अथवा दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक भरले, तर उशीर न करतां दवाखाना. ऊर आंत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, झटके येत असतील, किंवा जागें करूनही डोळे उघडीत नसेल, तर मोजीत बसूंही नये. थोरली दुसरीपर्यंत शिकलेली, पण घड्याळ येतें. रोज सांजेला ती नातीचें पोट मोजी. शेजारणी हंसत.

बाळ दोन महिन्यांचें झालें आणि धाकटीची पाळी पुन्हां सुरू झाली. आमचा पहिला बेत अगदीं चुकीचा होता. बाळ गांवीं थोरलीजवळ, आणि धाकटीनें रोज एस.टी.नें जाऊन येऊन करावयाचें. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत तिची छाती दगडासारखी झाली. पांढरा गणवेश भिजला. शौचकूपांत उभें राहून दूध पिळून टाकावें लागलें, आणि बाहेर कोणीतरी दार वाजवीत होतें. गांवीं बाळ वाटी-चमच्याला तोंड लावीना. चौथ्या दिवशीं धाकटीला थंडी वाजून ताप भरला. एका बाजूचा स्तन लाल झाला. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं दूध सांचून राहिल्यानें ही सूज येते, औषध घ्या, पण दूध काढणें थांबवूं नका, त्या बाजूनेंही पाजा. आमच्याकडे ताप आला कीं पाजणें बंद करतात. तें उलट आहे.

तेव्हां आम्हीं तो बेत मोडला. इस्पितळापासून चालत सात मिनिटांवर एक खोली भाड्यानें घेतली आणि थोरली नातीला घेऊन तेथें राहावयास गेली. गांवीं दोन पुरुष उरले, बाप आणि लेक. भाकरी कोण करणार? त्यांनींच केल्या. पहिले पंधरा दिवस त्या भाकऱ्या जनावरांनींही हुंगून सोडाव्या अशा होत्या. पारावर थट्टा झाली कीं सुताराची म्हातारी शहरांत मजा मारते आणि हा चूल फुंकतो. चूल फुंकून कोणाचा हात झडला नाहीं. पुढें पुढें लेकाच्या भाकरीला पोपडा येऊं लागला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

दिवसपाळीची व्यवस्था सोपी झाली. पाळीवर जाण्याआधीं पाजावयाचें, मधल्या सुट्टींत धाकटी धांवत खोलीवर यावयाची, परतल्यावर पुन्हां पाजावयाचें. बाळाला वॉर्डांत कधीं नेलें नाहीं. वॉर्ड रोग्यांचा असतो, तेथें तान्हें मूल नेऊं नये. रात्रपाळीच्या बारा तासांसाठीं दूध काढून ठेवावें लागे. यंत्राचा पंप चांगला, पण हातानेंही काढतां येतें, आणि हात धुतलेला असला म्हणजे झालें. झांकणाचीं स्टीलचीं भांडीं पाण्यांत उकळून घ्यावीं. काढलेलें दूध बाहेर चार तास चालतें, पण तो हिशेब साधारण २५ अंश उष्म्याचा आहे. आपल्या चैत्र-वैशाखांत तो धरूं नये. शेजारच्या शिंपीणबाईंच्या फ्रीजमध्यें आमचीं भांडीं असत. तेथें चार दिवसांपर्यंत चालतें. दूध विस्तवावर तापवूं नये, कोमट पाण्यांत भांडें ठेवून कोमट करावें. बाटली वापरूं नये, वाटी-चमच्यानें पाजावें. बाटलीच्या बुचांत घाण राहते आणि तीच पोटांत जाते. आईचें दूध काढून ठेवणें अमंगळ असें कोणास वाटत असेल, तर मुंबईच्या शीव इस्पितळांत १९८९ सालापासून आईच्या दुधाची पेढी आहे, आशिया खंडांतली ती पहिली. तेथें एका आईचें दूध दुसरीच्या अशक्त बाळाला देतात आणि बाळें जगतात.

चैत्र संपत आला होता. नात चार महिन्यांची. धाकटीची रात्रपाळी मुलांच्याच वॉर्डांत होती. दोन दिवस बाळाला सर्दी होती. रात्रीं दीडच्या सुमारास थोरलीला जाग आली ती आवाजानें. बाळ कण्हत होतें. वाटी पुढें केली, तोंड फिरविलें. थोरलीनें दिवा लावला, अंगडें वर केलें, घड्याळ पुढें ठेवलें. चौसष्ट भरले. पुन्हां मोजले, चौसष्टच. बरगड्यांखालीं खळगा पडत होता. गांवीं असती तर तिनें सकाळची वाट पाहिली असती, मागें एकदां पाहिली होती तशी. तिनें शिंपीणबाईंचें दार वाजविलें, त्यांच्या मुलानें रिक्षा काढली, आणि पंधरा मिनिटांत बाळ कॅज्युअल्टींत होतें.

धाकटी त्या वेळीं दुसऱ्या कोणाच्या लेकराला वाफ देत होती. वर नवीन रोगी येत आहे असा निरोप आला, तिनें अंथरूण लावलें, प्राणवायूची नळी तयार ठेवली, आणि दार उघडलें तर आत्याबाई. हातांत स्वतःची मुलगी. तिनें बाळ घेतलें, नीट निजविलें, नळी लावली, आणि मग तिचे पाय गेले. पाळीवरच्या सिस्टरनें सांगितलें, "आतां तूं विद्यार्थिनी नाहींस, आई आहेस. तिकडे बैस." फुप्फुसाची सूज होती. पांच दिवस इंजेक्शनें चाललीं. डॉक्टर म्हणाले कीं वेळेवर आणलें. विकार कोठून आला तें सांगतां येत नाहीं; वॉर्डांतून धाकटीच्याच कपड्यांवरून आला असेल, बाजारांतून आला असेल. त्यानंतर मात्र पाळीवरून आल्यावर गणवेश दाराशीं बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन, मगच बाळाला घ्यावयाचें, हा नियम खोलींत पक्का झाला. तो पहिल्या दिवसापासूनच असावयास हवा होता.

त्या पांच दिवसांची गैरहजेरी पडली. तीही भरून द्यावी लागली. दिली.

आतां कायद्याचें पाहूं. त्याच वॉर्डांत, त्याच पाळीवर पगारी सिस्टर असते. तिच्यासाठीं १९६१ सालीं प्रसूतिलाभाचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा ठरली. मूल १५ महिन्यांचें होईपर्यंत पाजण्यासाठीं दिवसांतून दोन वेळां सुट्टी मूळच्या कायद्यांतच होती, आणि ५० किंवा अधिक माणसें जेथें कामाला आहेत तेथें पाळणाघर, हेंही दुरुस्तींत आलें. ह्यामागें लढा आहे. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूतिरजेचें बिल आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याची बाजू घेतली, आणि आईला विसांवा देण्यांत राष्ट्राचें हित आहे असें मांडलें. १९२९ सालीं कायदा झाला. पण शिकणारी मुलगी कोणाची चाकर नव्हे, म्हणून ह्या कायद्याच्या माळेंत तिचा मणि नाहीं. तोच वॉर्ड, तेच बारा तास, तीच भिजलेली छाती, पण एकीला हक्क आणि दुसरीला कार्यालयाची मर्जी!

विद्यार्थिनींसाठीं अगदींच कांहीं झालें नाहीं असेंही नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ च्या डिसेंबरांत विद्यापीठांना कळविलें कीं विद्यार्थिनींच्या प्रसूतिरजेचे व हजेरीच्या सवलतीचे नियम करा. केरळांत महात्मा गांधी विद्यापीठानें २०२२ सालीं ६० दिवसांची रजा ठरविली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०२३ सालीं मीरतच्या विद्यापीठांतल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनें निकाल दिला, कीं शिक्षण कीं मूल अशी निवड बाईवर लादतां येत नाहीं. हीं कात्रणें आपल्या अर्जाला जोडावीं.

पण येथें आमचें मत इतरांहून थोडें वेगळें आहे, तें स्पष्ट सांगतों. वर्गांतली हजेरी माफ झाली तर मुलगी घरीं वाचून भरून काढील. वॉर्डचे तास माफ करा असें मात्र आम्ही मागत नाहीं. ज्या सिस्टरनें रोग्याला सुई पुरती शिकल्यावांचून दिली, तिच्या हाताखालीं उद्यां आपलेंच पोर येणार. त्या रात्रीं नळी लावणारा हात कच्चा असता तर? तेव्हां तास शंभरच्या शंभर घ्या, एक कमी नको. फक्त ते भरावयास सवड द्या. नांव काढूं नका. बाळ सहा महिन्यांचें होईपर्यंत रात्रपाळी पुढें ढकला, ती नंतर दामदुपटीनें घ्या. मागच्या तुकडीबरोबर वॉर्ड करूं द्या. एक लहानशी खोली द्या, तिला आंतून कडी असावी, एक खुर्ची आणि नळ असावा, म्हणजे शौचकूपांत दूध पिळावें लागणार नाहीं. पगारी सिस्टरांसाठीं पाळणाघर असेल तेथें विद्यार्थिनीचेंही मूल घ्या. ह्यांतल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाहीं. मतें मागावयास येणारे पुढारी पूल आणि सभामंडप देऊं करतात. त्यांना ह्या कडीच्या खोलीविषयीं विचारून पाहावें.

आणि हें सारें मिळालें तरी घरावांचून भागत नाहीं. लोक सुनेला सांगतात, "तूं देवीचा अवतार, सारें निभावशील." हें ऐकलें कीं आम्हां दोघींच्या कपाळाला आंठी पडते. तिला अवतार नको, तिला चार तास झोंप पाहिजे. रात्रपाळी करून आलेल्या मुलीसमोर धुण्याचा बोचका टाकून तिची आरती ओंवाळणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हें आपण हौसेनें करतों. तें करावेंच. पण एक्केचाळिसाव्या दिवसापासून तिला गाईप्रमाणें दावणीला बांधण्याची जी रीत आहे, तिच्यावर आमचा रोष आहे. बाळ आईचें, हें खरें. पण दूध सोडलें तर बाळाचें असें कोणतें काम आहे जें बापाला, आज्याला, आजीला येत नाहीं? आमच्या घरांतल्या दोघां पुरुषांना आतां अंघोळ घालतां येते. टाळू भरतां येते. लंगोट धुतां येतात.

खर्चाचेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर तुम्ही म्हणाल बोलणें सोपें. खोलीचें भाडें होतें, थोरली गांवीं मजुरीला जात असे ती बुडाली, एक शेळी विकली. नंतरच्या दिवाळींत कोणासही नवें कापड घेतलें नाहीं. ज्या घरीं सासू नाहीं किंवा अंथरुणाला खिळली आहे, तेथें हें असें जमणार नाहीं, हें आम्हांस कळतें. तेथें माहेरची आई, नणंद, किंवा एकाच शाळेंतल्या दोन-तीन मुलींनीं मिळून एक खोली व एक विश्वासू म्हातारी ठेवणें, अशी कांहीं जोडणी करावी लागेल. आमच्या खोलींत शेवटचे दोन महिने दुसऱ्या एका मुलीचेंही बाळ असे. थोरलीनें दोन्हीं सांभाळलीं.

धाकटीच्या बरोबरीच्या मुली आधीं सुटल्या. तिचे राहिलेले तास भरावयास आणखी साडेतीन महिने लागले. त्यांत प्रसूतिकक्षाची पाळी होती. तेथें पहिलटकरणींना चीक पाजावयास बसवितांना ती आपल्या सासूच्या सहाणेची गोष्ट सांगे, आणि बाहेर बसलेल्या सासवा ती ऐकत. पदविका मिळाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत नांव नोंदलें गेलें, आणि आतां ती नोकरीवर आहे. नात तिकडे शेवटच्या रांगेंत आज्याच्या मांडीवर निजली आहे.

ज्या घरच्या मुलीनें शेवटचें वर्ष सोडलें ते लोक आज सभेंत आले आहेत असें कळलें. त्यांचें नांव आम्ही घेत नाहीं. शाळेनें तिचें नांव काढल्याचा कागद दिला नसेल, तर आधीं तेवढें जाऊन विचारावें. आमच्या अर्जाची नक्कल, पोंच घेतलेली, थोरलीच्या पिशवींत आहे. सभा सुटल्यावर ती उतरून घ्यावी. लिहिणारें कोणी नसेल तर धाकटी लिहून देईल. शेवटची एस.टी. साडेसातची आहे, तोंवर आम्ही येथेंच आहोंत.